उदाहरण नसलेली नोंद

टिळक रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या वर
आमचं कोशाचं काम चालायचं.
फसवणुकीचे शब्द माझ्या टेबलावर आले
त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं.
धारणकर सर म्हणाले, ‘तुम्हाला जमेल.’

टोपी डोक्यात, शेंडीही तिथेच,
धूळ डोळ्यांत, पानं तोंडाला,
तुरी हातावर.
माणसाचं सगळं अंग फसायला कामी येतं.
‘आणि पाठ?’ मी विचारलं.
‘पाठीत सुरा. तो विभाग दग्याचा.
थट्टा कुठे संपते आणि दगा कुठे सुरू होतो
तेवढी सीमा आखून द्या.’

मी आखायला बसलो.
थाप मारतात, पण लोणकढी असली
तर वरून वाढतातही.
पोपट झालेला माणूस संध्याकाळपर्यंत
पुन्हा माणूस होतो,
मामा झालेल्याचं तसं नाही.
फिरकी, कोपरखळी, खोडी एका खोक्यात.
लबाडी, कावा, गंडवणे दुसऱ्यात.
‘विडंबन’ दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो,
कुठल्याच खोक्यात बसेना.
‘हूल’ची चिठ्ठी तर चक्क हरवली.

समोरच्या टेबलावर कुमुदिनी बिडवे. बार्शीकडची.
डब्यात शेंगांची चटणी, आणि बोलता बोलता
मधेच एखादा शब्द, मी कधी न ऐकलेला.
तिच्या तीन चिठ्ठ्या मी लाल शाईनं परत केल्या होत्या:
बोलीतला. छापील आधार नाही.
ती काही बोलली नाही.
चटणी पुढे केली.

मग एका शनिवारी, सर बँकेत गेलेले असताना,
‘एक शब्द बनवलाय,’ म्हणाली, ‘मनानंच.
सरांची गंमत करू.
हजार पानांत कुणाला कळतंय?’

लुपटवणे. सकर्मक.
ज्याला फसवायचं त्यानंच आभार मानावेत
इतक्या मायेनं फसवणे.
आधार: कुठलीशी बखर, पान एकशे बारा.
तशी बखर नव्हती.

हसता हसता माझा चष्मा पडला.
सही केली.
खऱ्या शब्दासाठी मी नियम मोडला नसता,
खोडीसाठी मोडला,
आणि वर तिला म्हणालो,
‘थँक्यू हं, मला सामील केल्याबद्दल.’

मुद्रितं तपासताना सर त्या ओळीवर थांबले.
आम्ही दोघं श्वास धरून.
‘छान शब्द,’ म्हणाले, ‘लहानपणी ऐकलाय.’
जिन्यात येऊन आम्ही किती हसलो!

तेहतीस वर्षं मी ते पाप सांभाळलं.
कुणी कोश चाळायला लागलं
की त्या पानाशी माझा अंगठा आपोआप जायचा.

परवा बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर
शेपू घेत होतो.
शेजारी एक गिऱ्हाईक मावशी मावशी करत
भाव पाडत होतं.
म्हातारी म्हणाली,
‘ग्वाड बोलून लुपटवतूस व्हय रं मला?’

माझ्या हातातली सुटी नाणी पडली.
‘हा शब्द कुठे ऐकला, आजी?’
‘आय म्हणायची. आमच्याकडं समदीच म्हणत्यात.’
‘आमच्याकडं म्हणजे?’
‘वैरागच्या फुडं.’

कुमुदिनीचा नंबर अजून फोनमध्ये आहे.
उचलणारं कुणी नाही.
तिथंच फुटपाथवर उभं राहून
मी तो नुसता बघितला.
म्हणजे ती चौथी चिठ्ठी होती.
म्हणजे सर खरं बोलले होते.
म्हणजे जिन्यात हसत होती ती
कुणाला?

रात्री जुना कोश काढला.
त्या नोंदीला उदाहरण कधीच दिलेलं नव्हतं,
पुढे बोटभर जागा कोरी.
पेन्सिलनं माझं नाव लिहिलं,
क्रियापद तिच्याकडे ठेवलं.

मग स्वयंपाकघरात जाऊन शेपूची जुडी सोडली.
वरून हिरवीगार,
आत पार पिवळी, अर्धी काड्याच.
आणि निघताना मी त्या म्हातारीला
दोनदा थँक्यू म्हणालो होतो.